कोण गेलं हो?

दुर्बीण गळ्यात अडकवून स्मशानात जाणाऱ्या माणसाला आपल्या समाजात जागा नाही. मेलेल्याला आहे, खांदा देणाऱ्याला आहे, लाकडं मोजून देणाऱ्याला आहे. तिकडं चिता पेटत असताना फाटकाबाहेर चहा पीत गुंठ्याचा भाव काढणाऱ्यांना तर मानाची जागा आहे. पण वडाच्या शेंड्याकडं डोळे लावून ‘हरियाल! हरियाल!’ असं स्वतःशीच पुटपुटणाऱ्या निवृत्त कारकुनाचं करायचं काय, याची सोय गरुडपुराणातही नाही.

तो कारकून मी. उभी हयात दुय्यम निबंधक कार्यालयात गेली. खरेदीखतं, गहाणखतं, बक्षीसपत्रं नोंदवली. हक्कसोडपत्रं तर विचारूच नका. भाऊ बहिणीला गाडीत घालून आणतो, बहीण पदर सावरून दाखवतील तिथं सही करते, भाऊ तिला साडी घेऊन देतो आणि परतताना भेळ खाऊ घालतो. २००५ साली कायदा बदलला, वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला. माझ्या टेबलापुरतं सांगायचं तर त्यानंतर भेळेचा खप वाढला. मी शिक्का मारत होतो. मत मांडणं माझ्या कामात बसत नव्हतं.

निवृत्त झाल्यावर डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. मुलीनं पुण्याहून दुर्बीण पाठवली. ‘बाबा, नुसते चालू नका, काहीतरी बघत चाला,’ म्हणाली. गावात शाळेतले एक निवृत्त सर पक्षी बघायचे, त्यांना मी गाठलं. त्यांनी दोन गोष्टी शिकवल्या. पहिली : जे दिसलं नाही ते वहीत लिहायचं नाही. शंका असेल तर ओळ कोरी सोडायची, पण खोटा पक्षी लिहायचा नाही. कारकुनाला हे लगेच पटलं. दुसरी : या गावात पक्षी बघायचे तर जागा एकच, स्मशान.

सरांचं म्हणणं खरं निघालं. आमची स्मशानभूमी कृष्णेच्या काठाला, गावाच्या खालच्या अंगाला. वड, पिंपळ, उंबर, चिंच, करंज, सगळी जुनी झाडं. अंगणातल्या झाडाची फांदी वाळली की आपण ती उतरवून टाकतो. इथली कुणी उतरवत नाही. मग त्या वाळक्या फांदीत तांबट चोचीनं गोल भोक पाडून घर करतो. तयार ढोलीत पिंगळ्याचं जोडपं राहतं. उन्हाळ्यात राखी धनेशाची मादी ढोलीत शिरून विष्ठेनं दार लिंपून घेते, चोच जाईल एवढीच फट ठेवते, आणि नर बाहेरून उंबरं न् किडे आणून तिला भरवत राहतो. वड, पिंपळ, उंबर ही झाडं एकदम फळत नाहीत. एकाचं संपतं तोवर दुसऱ्याचं सुरू होतं. त्यामुळं हरियाल, कोकीळ, तांबट यांची पंगत कधी उठत नाही. रात्री दिवा नाही, रहदारी नाही आणि कुऱ्हाड घेऊन आत शिरायची कुणाची छाती नाही. वनमहोत्सवात लावलेली जेवढी झाडं आमच्या गावात जगली, त्याहून जास्त भुतांनी वाचवली आहेत.

पक्षी मिळाले, पण घर गेलं. पहिल्याच दिवशी बायकोनं दारात अडवलं. ‘अहो, तिथंच थांबा. मागच्या दारानं न्हाणीत जा.’

‘अगं, मी पक्षी बघायला गेलो होतो.’

‘कुठं?’

या प्रश्नानंतर बोलण्यासारखं काही उरलं नाही. तेव्हापासून माझी दुर्बीणसुद्धा गोमूत्राचे शिंतोडे घेऊन आत येते. लांबून येणारे पाहुणे पक्षी नेमके थंडीत येतात, आणि सकाळी दोनदा आंघोळ करायला थंडीइतका वाईट हंगाम नाही.

मी तिला जगाचे दाखले दिले. अमेरिकेत बॉस्टनजवळ माउंट ऑबर्न नावाची दफनभूमी आहे, १८३१ सालची. झाडं-तळी राखून, बाग म्हणून आखलेली त्या देशातली ती पहिली. वसंतात उत्तरेकडं निघालेले चिमुकले पक्षी तिथं विसाव्याला उतरतात आणि लोक भल्या सकाळी दुर्बिणी घेऊन हजर होतात. न्यूयॉर्कमध्ये, ब्रुकलिनच्या ग्रीनवुड दफनभूमीत तर थेट प्रवेशाच्या कमानीवर दक्षिण अमेरिकेतल्या पोपटांनी काटक्यांचे वाडे बांधलेत. तिनं शेवटपर्यंत शांतपणे ऐकून घेतलं.

‘ते लोक घरी येऊन आंघोळ करतात का?’

‘ते काही कुठं वाचलं नाही.’

‘मग वाचा आधी.’

घराबाहेरचा प्रश्न वेगळा. स्मशानाच्या रस्त्यानं परत येणारा माणूस दिसला की चौकातला प्रत्येक जण हातातलं काम थांबवून विचारतो, ‘कोण गेलं हो?’ सुरुवातीला मी खरं सांगायचो, ‘कुणी नाही, पक्षी बघायला गेलो होतो.’ त्यावर जी शांतता पसरायची ती सोसेना. मग मी ‘लांबचे’ म्हणायला लागलो. लोक हळहळायचे, मी मान खाली घालून पुढं सटकायचो. सोय झाली, पण लांबचे तरी किती जाणार? एक दिवस वाण्यानं साखर बांधता बांधता आवाज खाली आणला. ‘भाऊसाहेब, मनावर घ्या. त्र्यंबकेश्वरला जाऊन नारायण नागबळी करून या. एका घराण्यात एवढी माणसं जाणं बरं नव्हे.’

स्मशानाची राखण करणाऱ्या मामांनी तर मला बरेच दिवस नुसतं न्याहाळलं. मग एकदा शेजारी येऊन बसले, तंबाखू मळली आणि म्हणाले, ‘सायेब, रोज येऊन जागा बघून जाताय. घाई न्हाई, पर एकदा ठरवून टाका.’

कपड्यांचा घोळ निराळाच. स्मशान आहे म्हणून पांढरा सदरा-लेंगा घातला, तर एका अंत्ययात्रेत कुणीतरी माझा दंड धरला. ‘या, उंचीला बरोबर आहात,’ म्हणत तिरडीची मागची बाजू माझ्या खांद्यावर दिली. मयत कोण, बरोबरची मंडळी कोण, काही ठाऊक नाही. मी चालत राहिलो. वाटेत तारेवर खंड्या ओरडत होता, पण खांद्यावर ओझं असलं की मान वर होत नाही. पुढं पक्ष्यांच्या नजरेत भरू नये म्हणून मातकट हिरवे कपडे घातले, तर काठावरची बाभूळ तोडून मोळी बांधणारा एक जण मला वनखात्याचा समजून कोयता टाकून पळाला. तो परत येईल म्हणून मी मोळीपाशी थांबलो, तर मामांना वाटलं, मोळी माझीच. शेवटी करड्या सदऱ्यावर तडजोड झाली.

५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा आणि १२ नोव्हेंबर हा सालिम अलींचा जन्मदिवस, म्हणून महाराष्ट्रात तो आठवडा पक्षी सप्ताह म्हणून साजरा होतो. त्या सप्ताहात शाळेच्या मुलांना आमच्या स्मशानात न्यावं, असं मी मुख्याध्यापिकाबाईंना सुचवलं. बाईंनी चहाचा कप अर्ध्यावर खाली ठेवला. मुलं एका पायावर तयार होती. पालक दोन्ही पायांवर उभे राहून नाही म्हणाले.

हळूहळू काही रीतभात अंगी लागली. बोट दाखवायचं नाही. तिथं बोट दाखवलं की लोकांना काहीतरी भलतंच दिसतं. मोबाईलवरून पक्ष्याचा आवाज वाजवायचा नाही. आपल्या हद्दीत परका घुसला म्हणून पक्षी हैराण होतो, आणि शेजारी रडणारी माणसंही. अंत्यविधी चालू असेल तर नदीकडच्या अंगाला जायचं, आणि दुर्बिणीचं तोंड माणसांकडं चुकूनही वळवायचं नाही.

एक गोष्ट मात्र मी खडकीत शिकलो. पुण्यात मुलीकडं गेलो की तिथल्या युद्धातल्या सैनिकांच्या दफनभूमीत जातो. दुसऱ्या महायुद्धातले राष्ट्रकुलाचे १,६६८ सैनिक तिथं विसावलेत. सरळ रांगा, कापलेली हिरवळ, आणि हिरवळीत बाकदार चोच खुपसून अळ्या काढणारा हुदहुद. हात थरथरू नये म्हणून मी दुर्बीण एका दगडावर टेकवली. डोळा लावणार तोच दगडावरची अक्षरं दिसली : नाव, पलटण आणि वय एकवीस. मी हात काढून घेतला. ‘येथे टेकू नये’ अशी पाटी तिथं नव्हती आणि तिची गरजही नव्हती. हुदहुद मात्र उडून त्याच दगडावर बसला, तुरा उघडला, मिटला. त्याला मुभा आहे.

पण सगळ्यांत अवघड नियम चेहऱ्याचा. दुःखाच्या जागी आनंद होणं हा काही गुन्हा नव्हे. तो तोंडावर दिसणं हा गुन्हा. पक्षी बघणाऱ्याचा आनंद तर अगदी बिनडोक असतो, सांगून-सवरून येत नाही. एकदा चितेच्या धुरापलीकडं करंजात स्वर्गीय नर्तकाचा पांढरा नर दिसला. शेपटीच्या दोन लांब फिती, फांदीवरून फांदीवर झुळझुळत गेल्या. मी खुलून हसलो. दुर्बीण खाली घेतली, तर समोर मयताचा मेहुणा. त्यानं मला आपादमस्तक पाहिलं आणि शेजाऱ्याला मोठ्यानं विचारलं, ‘यांचं काही देणं होतं का आण्णांकडं, फिटलं म्हणून हसतायत?’ तेव्हापासून पक्षी दिसला की मी ताबडतोब पेन्शनचा थकलेला फरक आठवतो. चेहरा जागेवर येतो. एरवी निरुपयोगी ठरलेली ती रक्कम एवढ्या कामाला आली.

तसं पाहिलं तर मरणाचं आणि पक्ष्यांचं नातं काही मी जोडलेलं नाही. मुंबईत मलबार हिलच्या डुंगरवाडीत पारशांचा अंत्यविधी गिधाडांवाचून होत नसे. गुरांना टोचायच्या डायक्लोफेनॅक या वेदनाशामकानं त्या गिधाडांचा घात केला. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडांनी खाल्लं, की त्यांची मूत्रपिंडं निकामी होत. २००६ साली गुरांसाठीच्या त्या औषधावर बंदी आली, तोवर पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णव संपली होती. पक्षी गेले आणि एका समाजाचा विधीच अडून बसला. आपल्याकडं कावळ्याचं तेच. कावळा म्हणजे परलोकाचा दुय्यम निबंधक. त्यानं चोच लावल्याशिवाय दस्त पुरा होत नाही. आणि हा अधिकारी वेळेवर जागेवर सापडेलच याची खात्री नसते. त्या दिवशी तर तो माझ्यामुळं जागेवर नव्हता.

चैत्रातली सकाळ होती. खाली घाटावर कुणा तात्यांचा दहावा चालला होता, मी वरच्या अंगाला पडक्या धर्मशाळेत. तिच्या माळ्यावर गव्हाणी घुबड राहतं. मामांनी बजावलं होतं, ‘समदं बघा सायेब, पर त्या पांढऱ्या तोंडाच्याला दिवसा उठवू नगा. त्ये उठलं की समदं गाव उठतं.’ मला त्याला उठवायचं नव्हतंच. दुर्बिणीच्या भिंगाला मोबाईल लावून त्याच्या बदामी चेहऱ्याचा एक फोटो काढून मुलीला पाठवायचा होता, एवढंच. जिन्याची तिसरी पायरी मोडकी आहे हे मला ठाऊक होतं. चौथीही मोडकी आहे हे त्या सकाळी कळलं. पायरी, मोबाईल आणि मी असे तिघे खाली आलो, आणि आमच्या डोक्यावरून पांढरं काहीतरी मुळीच आवाज न करता खिडकीबाहेर गेलं.

कावळे आणि घुबडं यांचं वैर पुरातन; पंचतंत्रात त्यावर ‘काकोलूकीय’ नावाचं अख्खं तंत्र आहे. दिवसाउजेडी घुबड उघड्यावर सापडलं की कावळे एकमेकांना हाका मारून जमतात आणि त्याला टोचून बोलत राहतात. बघता बघता घाटावरचा कावळा न् कावळा लांबच्या चिंचेवर गोळा झाला.

घाटावर पिंड मांडून मंडळी मागं सरली होती. एरवी इथल्या कावळ्यांना पिंड ठेवेपर्यंत दम निघत नाही. आज एकाचाही पत्ता नाही. गुरुजींनी हाका घातल्या. नातवानं तात्यांना आवडायची म्हणून भजी आणून ठेवली. कुणी तंबाखूची चंची ठेवली. थोरल्यानं हात जोडले, ‘तात्या, आईला अंतर देणार न्हाई.’ काही नाही. मधला म्हणाला, ‘तात्या, तुमची राजदूत इकणार न्हाई.’ ती विकायला काढली तरी कुणी घेणार नव्हतं, तेव्हा कावळ्यानं त्याला भुलायचं कारणच नव्हतं. धाकटा म्हणाला, ‘दारू सोडतो.’ त्यावर गर्दीत दोघं-तिघं खोकले.

पुढचे यजमान खोळंबले होते. कावळा शिवलाच नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात. गुरुजींनी घड्याळ पाहून दर्भ हातात घेतला. तेवढ्यात आत्याबाई पुढं आल्या. ‘दर्भाबिर्भाचं मागनं. दादाचा जीव कशात गुतलाय ते मला ठावं हाय.’ असं म्हणून त्यांनी थोरल्याकडं पाहिलं. थोरल्यानं नदीकडं पाहिलं. पलीकडं, डोक्यावर पदर घेऊन, बायकांच्या घोळक्यात त्याची बहीण, आक्का उभी होती. माझ्यासारख्या जुन्या कारकुनाला बाकीचं सांगावं लागलं नाही. हक्कसोडपत्र तयार होतं, भेळ तेवढी राहिली होती.

धर्मशाळेच्या दाराआड मी धूळ झटकत होतो. कावळे का येत नाहीत, हे त्या घाटावर एकट्या मला माहीत होतं. तात्यांचा जीव कशातही गुंतला नव्हता. चिंचेत घुबड गुंतलं होतं. हे पुढं होऊन सांगावं का? पण दहाव्याला जमलेल्या माणसांना ‘थांबा, मी घुबड उडवलंय’ हे कुठल्या शब्दांत सांगायचं, ते कुठल्याच पुस्तकात नाही. मी गप्प राहायचं ठरवलं आणि आत्याबाईंनी मला पाहिलं.

‘त्ये गळ्यात दुर्बीण घातल्यालं कोण? त्यास्नी इचारा, कावळं कुठं गेल्यात.’

मला पुढं आणण्यात आलं. सदऱ्यावर जळमटं, कोपर सोललेलं. मी दुर्बीण डोळ्यांना लावून चिंचेकडं पाहिलं. तिथलं कामकाज लवकर आटपेल असं दिसत नव्हतं. ‘येतील,’ मी म्हणालो. ‘थोडा वेळ लागेल.’

‘ऐकलंस?’ आत्याबाई थोरल्याला म्हणाल्या. ‘येळ लागंल म्हणत्यात. कशापायी लागंल ते तुला ठावं हाय.’

थोरल्याला घाम फुटला. त्यानं पिंडाकडं पाहिलं, आक्काकडं पाहिलं, आणि माझ्याकडं तर अशा नजरेनं पाहिलं की तात्यांनी मलाच मुखत्यारपत्र दिलंय. ‘तात्या,’ तो शेवटी म्हणाला, ‘आक्काची सही घेत न्हाई. तिचा वाटा तिला.’

आणि नेमका तेव्हाच वरच्या उंबरातून राखी धनेश निघाला. पंख मारत, तरंगत, पुन्हा पंख मारत, चोचीत लालबुंद उंबर धरून. ज्याच्या ढोलीसाठी मी कितीतरी सकाळी मान मोडून घेतली, तो माझ्या देखत घरी निघाला होता. पेन्शनचा फरक आठवलाच नाही. बोट दाखवायचं नाही, हेही आठवलं नाही. मी हात उंचावून ओरडलो, ‘आला! आला!’

झाडून सगळी मंडळी माझ्या बोटाच्या रोखानं वळली. धनेश पिंपळाच्या खोडाला बिलगला. फटीतून आतली चोच बाहेर आली. उंबर या चोचीतून त्या चोचीत गेलं. गुरुजीसुद्धा बघत राहिले. आम्ही माना वळवल्या तेव्हा पिंड फुटला होता, एक भजं गायब होतं, आणि आत्याबाई डोळ्यांना पदर लावून म्हणत होत्या, ‘शिवला गं बाई, शिवला.’

काय शिवलं, हे पाहणारा घाटावर कुणीही नव्हता. गुरुजींनी दर्भ ठेवून दिला. पुढचे यजमान सरसावले.

कावळ्यांनी त्यानंतर माझ्यावर डूख धरला. अमेरिकेत वॉशिंग्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी मुखवटे घालून कावळे पकडले, सोडले, आणि पुढं वर्षानुवर्षं तो मुखवटा दिसला की तिथले कावळे कल्ला करून उठायचे. आमच्या गावच्या कावळ्यांनी ते वाचलेलं नसावं, पण मी फाटकातून आत शिरलो की तेही तेच करतात. मामा म्हणतात, ‘सायेब, आता दहाव्याला लोकं तुमास्नीच बोलवतील. तुमी आलात की कावळं आपसूक येत्यात.’

पुढच्या आठवड्यात थोरला घरी आला. मी नुकताच न्हाणीतून बाहेर पडलो होतो. चहा झाला, उन्हाळ्याचं बोलणं झालं, मग त्यानं पिशवीतून एक पुडा काढून टेबलावर ठेवला. ओली भेळ होती.

‘सायेब, त्या दिवशी आला म्हणून तुमीच वराडला. म्हंजे तुमी बघितलं असंल. मधला म्हणतो साळुंकी हुती. आमची मंडळी म्हणती खार हुती. आता कावळाच नसंल, तर मग त्यो शबूद...’ त्यानं वाक्य तसंच सोडलं आणि पुडा बोटभर माझ्याकडं सरकवला. ‘तुमचा अभ्यास हाय. तुमी म्हणाल ती पूर्वदिशा.’

साळुंकी असू शकते. खार असू शकते. भज्याचा विचार करता घाटावरचं पिवळं कुत्रं धरून चालायला हवं. उभ्या नोकरीत मला कुणी मत विचारलं नव्हतं, आणि विचारलं ते अशा पक्ष्याबद्दल, जो मी पाहिलाच नव्हता.

मी वही आणली. त्या सकाळच्या पानावर गव्हाणी घुबड होतं, धनेश होता, आणि खाली सरांच्या शिकवणीप्रमाणं एक ओळ कोरी होती. पेनाचं टोपण काढलं आणि थोरल्याच्या देखत, खरेदीखताच्या अक्षरात लिहिलं : डोमकावळा, एक. शेरा : पिंडाला चोच लावताना स्पष्ट दिसला. खाली सही केली, तारीख घातली, आणि सवयीनं शिक्क्यासाठी हात खणाकडं गेला.

थोरल्यानं ती ओळ दोनदा वाचली. भेळेचा पुडा हळूच स्वतःकडं ओढून घेतला.

‘डोमकावळा म्हंजे कावळाच न्हवं, सायेब?’

‘कावळ्यांतला थोरला,’ मी म्हणालो.